परदेशात एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं कसं: गोव्यातून निघणाऱ्यांसाठी, लिस्बन-पोर्तोचं उदाहरण धरून

गोव्यातून युरोपला फिरायला जाणारी माणसं आता घराघरात आहेत, कोणाचा भाऊ इंग्लंडमधल्या स्विंडनला, कोणाची मावसबहीण लिस्बनला, आणि शाळांना मे महिन्याची सुट्टी लागली किंवा चतुर्थी आटोपली की वाड्यावरचं एखादं कुटुंब तरी निघतंच. जायच्या आधी प्लॅन दाखवायला येतात. कागदावर लिहिलेलं असतं लिस्बन ३ दिवस, पोर्तो २, माद्रिद २, बार्सिलोना ३, पॅरिस ३, आणि दोन शहरांच्या मध्ये एक बाण काढलेला. त्या बाणात काय होणार आहे ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. हॉटेलं बघून झालेली असतात, काय काय बघायचं त्याचे व्हिडिओ बघून झालेले असतात, पण लिस्बनच्या खोलीतून बॅग उचलली की पोर्तोच्या खोलीत ती ठेवेपर्यंत किती वेळ, किती पैसे आणि किती जिने, हा हिशोब राहिलेला असतो. म्हणून कळकळीने सांगते, प्लॅन करताना आधी बाण बघा, मग शहरं. माणसं दमतात, एकमेकांवर चिडतात, पैसे जास्तीचे जातात ते बहुतेक करून याच दिवशी, आणि सोबत आईवडील किंवा लहान मुलं असली तर हा दिवस सगळ्यात जास्त जपायचा.

वेळ मोजायचा तो दारापासून दारापर्यंत. लिस्बन-पोर्तोच घ्या. आल्फा पेंदुलार नावाची फास्ट ट्रेन पावणेतीन-तीन तासात पोचवते, इंतेरसिदादेस थोडा जास्त वेळ घेते, बस साडेतीन तासाच्या आसपास. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात सकाळी बॅगा भरा, चेकआऊट करा, मेट्रोने स्टेशन गाठा म्हणजे अर्धा-पाऊण तास, गाडीच्या अर्धा तास आधी तिथे असायला हवं, मग ट्रेनचे तीन तास, पुढे पोर्तोत उतरल्यावर परत लोकल किंवा मेट्रो बदला आणि चढाच्या गल्लीतून बॅगा ओढत हॉटेल शोधा. झाले की नाही पाच तास. आणि तिथली खोली दुपारी ३ शिवाय मिळत नाही बहुतेक ठिकाणी. म्हणजे 'पोर्तो २ दिवस' लिहिलंय ते खरं तर दीड दिवस आहे. वरच्या यादीत चार बाण आहेत, म्हणजे तेरा दिवसांतले दोन-अडीच दिवस असेच जाणार, हे आधी मान्य केलं की आपोआप कळतं एक शहर कमी करायला हवं. माझ्या मते एका शहरात तीन रात्री तरी हव्यातच. त्याहून कमी असेल तर ते शहर बाजूच्या शहरातून सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं बघून घ्या, बॅगा हलत नाहीत हे फार मोठं सुख आहे. लिस्बनहून सिंत्रा असं होतं, रोसियो स्टेशनवरून लोकलने ४० मिनिटं, पोर्तोहून ब्रागा आणि गिमारांइश पण तसंच, साधारण तासाभराची लोकल.

मग प्रत्येक बाणाला वाहन ठरवायचं. मी जो नियम धरते तो असा, ट्रेन चार तासांच्या आत पोचवत असेल तर डोळे मिटून ट्रेन. विमान हवेत एक तासच असतं हे खरं, पण एअरपोर्टला जाणं, दोन तास आधी पोचणं, सिक्युरिटी, उतरल्यावर बॅगेची वाट, परत शहरात येणं, हे सगळं धरलं की ट्रेनच आधी पोचलेली असते, शिवाय ट्रेन गावाच्या मधोमध सोडते. माद्रिद-बार्सिलोना सहाशेच्या वर किलोमीटर आहे तरी हायस्पीड ट्रेन अडीच-तीन तासांत नेते, आणि तिथे रेन्फे, उईगो, इर्यो अशा तीन कंपन्या आहेत म्हणून तिन्हीचे दर बघून घ्यायचे. रोम-फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स-व्हेनिस सव्वादोन तासाच्या आसपास. इथे विमानाचा विचारसुद्धा करू नका.

पण लिस्बन-माद्रिदला हाच नियम उलटा पडतो आणि आपली माणसं नेमकी इथेच फसतात, कारण नकाशावर दोन्ही राजधान्या शेजारी-शेजारी दिसतात, म्हणून ट्रेन असणारच असं धरून चालतात. थेट ट्रेन नाही. पूर्वी लुसितानिया नावाची रात्रीची गाडी होती, ती २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली ती झालीच. आता ट्रेनने जायचं तर बादाखोसला वगैरे गाड्या बदलत अख्खा दिवस जातो, बसला आठेक तास लागतात, त्यामुळे तिथे विमानच बरं, सव्वा तासाचं आहे. लिस्बनहून सेव्हिलला पण तेच, ट्रेन नाही, बस सहा-सात तास. रात्रीची बस स्वस्त पडते आणि हॉटेलची एक रात्र वाचते हे सगळे सांगतात, तरुण मुलांनी खुशाल जावं, पण साठीच्या पुढच्या माणसांना घेऊन मी कधीच सुचवणार नाही, रात्रभर बसून पाय सुजतात, सकाळी ६ ला अनोळखी स्टँडवर उतरायचं आणि खोली दुपारी ३ ला, वाचलेली रात्र दुसऱ्या दिवशी भरून द्यावीच लागते.

शहरांचा क्रम लावताना आणखी एक बघा, जिथे उतरलात तिथूनच परत निघायला हवं असं काही नसतं. जाताना लिस्बनला उतरायचं आणि येताना बार्सिलोना किंवा पॅरिसहून विमान धरायचं असं एकाच तिकिटात काढता येतं, मल्टी सिटी म्हणून पर्याय असतो, दर बहुतेक वेळा फार वेगळा नसतो आणि मागे फिरण्याचा एक अख्खा बाण वाचतो. एजंटाकडून काढत असाल तर तुम्ही स्वतःहून विचारा, सगळेच सुचवत नाहीत.

आता व्हिसा. शेंगेन व्हिसावर पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स, इटली, जर्मनी, स्वित्झर्लंड असं फिरता येतं, क्रोएशिया २०२३ पासून त्यात आलं, बल्गेरिया आणि रोमानिया २०२५ च्या जानेवारीपासून पूर्णपणे आले. या देशांमध्ये एका शहरातून दुसऱ्यात जाताना इमिग्रेशन नसतं. पण लंडन त्यात नाही, डब्लिन पण नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, आणि खरी गोची पुढेच आहे, तुमचा शेंगेन व्हिसा सिंगल एन्ट्री असेल आणि तुम्ही लिस्बन झालं की स्विंडनला भावाकडे जाऊन मग पॅरिस असा क्रम लावलात, तर लंडनला गेलात त्या क्षणी तुमची ती एन्ट्री संपली, पॅरिसला परत आत घेणार नाहीत. म्हणून ब्रिटन एकतर सुरुवातीला ठेवा नाहीतर शेवटी, मध्ये नको. मध्येच ठेवायचं असेल तर अर्ज करतानाच मल्टिपल एन्ट्री मागा आणि पासपोर्ट हातात आला की स्टिकरवर एन्ट्रीच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. घरात एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि बाकीच्यांकडे भारतीय, असं आपल्याकडे खूप घरांत आहे, तेव्हा प्लॅन भारतीय पासपोर्टच्या हिशोबाने करा, ज्याला कुठेही जाता येतं त्याच्या हिशोबाने नको. आणि सीमेवर तपासणी नसते म्हणून पासपोर्ट हॉटेलात किंवा मोठ्या बॅगेत तळाला टाकू नका, देश बदलणाऱ्या बसमध्ये ड्रायव्हर बघतो, जर्मनीसारखे काही देश अधूनमधून सीमेवर पोलीस उभे करतात, अंगावरच्या पाऊचमध्येच असू दे.

व्हिसा हातात येईपर्यंत परत न होणारी तिकिटं काढू नका हे वेगळं सांगायला नको. पण व्हिसा आला की मग एक दिवस पण थांबू नका, कारण तिथल्या लांबच्या ट्रेनचे दर विमानासारखे वाढत जातात. पोर्तुगालची रेल्वे म्हणजे सीपी, तिची तिकिटं साधारण दोन महिने आधी उघडतात आणि लवकर घेणाऱ्यांना चांगली सूट असते, मात्र ते सवलतीचं तिकीट त्याच गाडीचं असतं. जर्मनी, इटली, फ्रान्स सगळीकडे हेच तत्त्व. डिसेंबरच्या मध्यावर युरोपभर टाइमटेबल बदलतं, म्हणून नाताळच्या वेळची तिकिटं कधीकधी उशिरा उघडतात, तेव्हा दिसत नाही म्हणून घाबरून दुसरीकडून महाग घेऊ नका. शक्यतो रेल्वेच्या स्वतःच्या साइटवरून किंवा ॲपवरूनच घ्या, गाडी रद्द झाली की पैसे परत मागायला सोपं जातं. ऑनलाइन घेताना पासपोर्ट नंबर मागितला तर तोच पासपोर्ट प्रवासात जवळ ठेवा. आणि ही गोष्ट मात्र सगळ्यांना सांगा, सीपीमध्ये ६५ वर्षांच्या पुढच्यांना निम्मं तिकीट आहे, पर्यटकांना पण लागू आहे, वय दाखवायला पासपोर्ट पुरतो. आपल्या कितीतरी आजी-आजोबांनी पूर्ण पैसे भरलेत, कोणी सांगितलंच नाही म्हणून.

तिकीट काढताना सगळ्यात जास्त डोळे उघडे ठेवायचे ते स्टेशनच्या नावावर. लिस्बनला पोर्तोची गाडी दोन स्टेशनांवरून मिळते, सांता अपोलोनिया आणि ओरिएन्ते. सांता अपोलोनिया जुन्या गावाजवळ, निळ्या मेट्रोचं शेवटचं स्टेशन, गाडी तिथूनच सुटते म्हणून आधीपासून उभी असते, सावकाश चढता येतं. ओरिएन्ते लाल मेट्रोवर, एअरपोर्टपासून मेट्रोचं तिसरंच स्टेशन, १९९८ च्या एक्स्पोच्या वेळी बांधलेलं, दिसायला फार सुंदर पण प्लॅटफॉर्म वर उघड्यावर आहेत आणि वारा असा लागतो की स्वेटर बॅगेच्या वर ठेवा. वयस्कर माणसं असतील तर मी सांता अपोलोनियाच धरते. बस मात्र या दोन्हींपैकी कुठल्या स्टेशनवरून असेलच असं नाही, सेते रियोस म्हणून वेगळं बसस्टँड आहे, काही बसेस ओरिएन्तेहून, तिकिटावर काय लिहिलंय ते बघायचं. पोर्तोला लांबची गाडी कांपान्याला थांबते, गावाच्या मधलं स्टेशन साओ बेंतो, मध्ये लोकलची पाच मिनिटं. कोइंब्राला जाणाऱ्यांनी कोइंब्रा-बी बघायचं. व्हेनिसला मेस्त्रे म्हणजे खाडीच्या अलीकडचं, पाण्यातलं व्हेनिस हवं तर सांता लुचिया. पॅरिसला तर दिशेप्रमाणे स्टेशन वेगळं, लंडन-ॲमस्टरडॅमसाठी गार द्यु नोर, स्वित्झर्लंड-ल्यॉंसाठी गार द लियॉं, जर्मनीकडे बऱ्याचशा गाड्या गार द लेस्टहून, आणि एकातून दुसऱ्यात जायला मेट्रोने अर्धा-पाऊण तास धरा.

साओ बेंतोला उतरलात की मात्र पळू नका. तिथला हॉल निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या चित्रांनी भरलेला आहे, जवळजवळ वीस हजार टाइल्स, जॉर्ज कोलासो नावाच्या चित्रकाराने केलेल्या. पणजीला मिनेझिस ब्रागांझाच्या इमारतीत आत शिरताना भिंतीवर जी निळी चित्रं आहेत ती १९३५ ची, ती पण त्याचीच. आपण लहानपणापासून जवळून गेलेलो असतो त्याच्या. बॅगा एका कोपऱ्यात ठेवा, एकाने त्यांच्याजवळ थांबा आणि बाकीच्यांनी बघून या, मग पाळी बदला.

विमानाचा बाण असेल तर एअरपोर्ट कुठला ते आधी बघा, आपल्याला हे समजावून सांगायला नकोच, पेडण्याच्या माणसाला दाभोळीचं तिकीट आणि काणकोणच्या माणसाला मोपाचं तिकीट म्हणजे काय ते आपण मोपा सुरू झाल्यापासून बघतोच आहोत. तिकडे तर नाव शहराचं आणि जागा भलतीकडे. पॅरिस-बोव्हे म्हणून जो एअरपोर्ट आहे तो पॅरिसपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर, फ्रँकफर्ट-हान त्याहून लांब, शंभरावर. तिकीट वीस युरोला मिळालं म्हणून खूश व्हायचं आणि शहरात यायला बसचे तेवढेच पैसे आणि दीड तास. लिस्बनचा एअरपोर्ट गावातच आहे, ते सोपं, पण स्वस्तातल्या कंपन्या टर्मिनल २ वरून उडतात आणि मेट्रो येते टर्मिनल १ ला, मध्ये फुकट शटल बस आहे, तिची पंधरा-वीस मिनिटं धरा.

त्या स्वस्त कंपन्यांचं तिकीट म्हणजे फक्त तुमची सीट आणि सीटखाली मावेल एवढी छोटी बॅग. मोठी बॅग आधी ऑनलाइन घेतली तर एक दर, गेटवर पकडली तर कितीतरी जास्त. चार जणांच्या चार बॅगा मिळवल्या की नेहमीची कंपनी स्वस्त पडते असं पुष्कळदा होतं, म्हणून दर बघताना बॅगेसकट बघा. ऑनलाइन चेकइन करायचंच, नाहीतर त्याचे वेगळे पैसे. आणि आपल्या पासपोर्टवाल्यांसाठी खास, युरोपचा पासपोर्ट नसलेल्यांचे व्हिसाचे कागद काही कंपन्या काउंटरवर तपासतात, बोर्डिंग पास मोबाइलमध्ये असला तरी. सिक्युरिटीत शिरायच्या आधी काउंटरवर जाऊन विचारून घ्या, गेटवरून परत पाठवलं तर विमान गेलं समजा. काउंटर सुटायच्या चाळीस मिनिटं आधी वगैरे बंद होतात.

बॅगांविषयी मला जरा जास्तच बोलायचंय. म्हापशाच्या बाजारातून ट्रिपसाठी म्हणून सगळ्यात मोठी ट्रॉली घेतात, २८ इंची, आणि ती भरली की तेवीस किलो. एअरलाइन तेवीस किलो नेऊ देते हे खरं पण एअरपोर्टच्या बाहेर ती तुम्हालाच न्यायची आहे. हमाल नसतो. लिस्बनला आल्फामाच्या गल्ल्या म्हणजे पायऱ्या आणि चौकोनी दगडांची फरशी, चाकं अडकतात, पावसात ती गुळगुळीत होते. माझ्या मावशीची बॅग तिथे एका चढावर अडली, दोन दगडांच्या मधल्या खाचेत पुढचं चाक असं घट्ट बसलं की हँडल ओढलं तर बॅग उलटी होत होती. ती तिथेच बॅगेवर हात ठेवून उभी, म्हणाली, "तू पुढे जाऊन घर बघून ये, मी थांबते." मी बॅग आडवी करून चाक सोडवलं आणि मग पन्नासेक पायऱ्या उचलूनच नेली. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, प्रत्येकाने आपली बॅग एका हाताने दोन जिने चढून दाखवायची, घरी, निघायच्या आधी. नाही जमलं तर काढा कपडे बाहेर. दर चार-पाच दिवसांनी लॉंड्रीत धुऊन घ्यायचे, गल्लोगल्ली असतात नाणी टाकून चालवायच्या. घर बुक करताना लिफ्ट आहे का आणि कितव्या मजल्यावर ते वाचा, आणि तिथला पहिला मजला म्हणजे जमिनीवरचा नव्हे, एक जिना चढून. मेट्रो स्टेशनवर लिफ्ट चालू आहे का ते पण बघून ठेवा. चौघं असाल तर त्या दिवशी टॅक्सी किंवा उबर, बोल्ट बोलवा, चौघांच्या मेट्रो तिकिटांहून थोडे जास्त जातील पण जाऊ देत, हाच तो दिवस जिथे पैसे खर्च करावेत.

आणि दोन शहरांच्या मध्ये पाच-सहा तास फिरायचं असेल, समजा लिस्बन-पोर्तो करताना वाटेत कोइंब्रा किंवा आवेरो, तर स्टेशनवर लॉकर आहेत का ते आधी बघा. चेकआऊट केल्यावर बहुतेक हॉटेलं संध्याकाळपर्यंत बॅगा ठेवून घेतात, विचारलं की लगेच हो म्हणतात. घरं भाड्याने देणारे मात्र बऱ्याचदा ठेवत नाहीत, तिथे बुकिंगच्या आधीच मेसेज टाका.

प्रत्यक्ष त्या दिवशी काय करायचं. आदल्या रात्री बॅगा भरून दाराशी, चार्जर, औषधं, पासपोर्ट, आणि फ्रिजमध्ये ठेवलेलं काही राहिलं का ते. तिकिटं मोबाइलमध्ये डाउनलोड, स्क्रीनशॉट पण, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवर पाठवलेली. स्टेशनवर पोचलं की बोर्ड बघायचा, पोर्तुगालमध्ये 'पार्तिदास' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, 'लिन्या' म्हणजे प्लॅटफॉर्म, तिकिटावर डबा आणि सीटचा नंबर असतो. बोर्डवर तुमच्या शहराचं नाव शोधू नका, गाडीचा नंबर आणि वेळ शोधा, कारण गाडी पुढे आणखी कुठेतरी जात असेल तर शेवटच्या गावाचं नाव लिहिलेलं असतं. प्लॅटफॉर्म बऱ्याचदा शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत लागतो आणि जर्मनीत तर ऐनवेळी बदलतो, म्हणून एक जण बोर्डाखाली, बाकीचे बॅगांजवळ. मधल्या स्टेशनावर गाडी फार थोडा वेळ थांबते, मडगावला पंधरा मिनिटं उभी असते तसं नाही, म्हणून आपला डबा साधारण कुठे येणार ते बघून तिथेच उभं राहायचं, आणि नाहीच जमलं तर समोर येईल त्या दारातून चढायचं, आतून चालत जाता येतं. जर्मनीत काही गाड्या वाटेत दोन तुकडे होऊन वेगवेगळ्या गावांना जातात, तिथे मात्र आपल्याच डब्यात बसलोय ना ते सुटायच्या आधी बघा. दरवाजे बऱ्याच ठिकाणी आपोआप उघडत नाहीत, बटण दाबायचं. स्पेनमध्ये हायस्पीडला चढायच्या आधी बॅगा एक्स-रेमधून जातात आणि सुटायच्या दोन मिनिटं आधी गेट बंद, मग कितीही विनवणी केली तरी नाही. इटलीत काउंटरवरून लोकल गाडीचं कागदी तिकीट घेतलं तर प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशिनमध्ये घालून शिक्का मारायचा, नाहीतर दंड.

डब्यात शिरल्यावर मोठ्या बॅगा दाराजवळच्या रॅकमध्ये ठेवतात. स्टेशन आलं की एकाने त्या रॅककडे लक्ष द्यायचं, बॅग उचलून उतरून जाणारे असतात, एक सायकलचं बारीक कुलूप घेऊन दोन बॅगा एकमेकींना अडकवल्या तरी पुरतं. पाकीट मारणारे गाडीपेक्षा स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर आणि मेट्रोच्या दारात जास्त, बॅगा ओढताना दोन्ही हात गुंतलेले असतात तेव्हाच. कोणी मदत म्हणून न विचारता बॅगेला हात लावला तर गोड बोलून नको म्हणा.

खाण्याचं बघून ठेवा, विशेषतः सोमवार, संकष्टी पाळणारे बरोबर असतील तर. आल्फा पेंदुलारमध्ये कॅफेचा डबा असतो पण शाकाहारी म्हणाल तर फार काही नाही. आदल्या दिवशी पिंगो दोसी किंवा लिडल अशा सुपरमार्केटमधून पाव, चीज, फळं, दही घेऊन ठेवलं की झालं, डब्यात बसून खायला कोणी हरकत घेत नाही. घरून नेलेला चिवडा, लाडू असतील तर ते याच दिवसांसाठी राखून ठेवा.

गाडी चुकली किंवा उशिरा आली तर काय. युरोपच्या नियमाप्रमाणे ट्रेन एक ते दोन तास उशिरा पोचली तर तिकिटाचे पंचवीस टक्के, दोन तासांच्या पुढे पन्नास टक्के मागता येतात, विमान तीन तासांहून उशिरा पोचलं आणि चूक कंपनीची असली तर पंधराशे किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला २५० युरो. आपणहून कोणी देत नाही, अर्ज भरावा लागतो, तिकीट आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. संप मात्र वेगळी गोष्ट. पोर्तुगाल, इटली, फ्रान्स इथे रेल्वेचे संप वरचेवर होतात, पण बहुतेक वेळा आधी जाहीर करून, म्हणून प्रवासाच्या आठवडाभर आधीपासून रेल्वेच्या साइटवर डोकवायचं, पोर्तुगीजमध्ये 'ग्रेव्ह' (greve) आणि इटालियनमध्ये 'शोपेरो' (sciopero) असं दिसलं की त्याच दिवशी बसची तिकिटं बघून ठेवायची, कारण संपाच्या सकाळी बसेस भरलेल्या असतात. म्हणूनच परतीचं आंतरराष्ट्रीय विमान ज्या शहरातून आहे तिथे आदल्या दिवशीच पोचा. सकाळी पोर्तोहून ट्रेन आणि संध्याकाळी लिस्बनहून मुंबईकडे, असं कोणी प्लॅनमध्ये लिहिलं की मी ते पहिलं खोडते.

लंडनकडच्यांसाठी थोडक्यात. पॅरिस-लंडन युरोस्टार सव्वादोन तासांची, पण पासपोर्ट तपासणी चढायच्या आधीच होते आणि गेट अर्धा तास आधी बंद होतं, म्हणून दीड तास आधी पोचा. स्विंडनची ट्रेन लंडन पॅडिंग्टनहून, तासाभराची, सकाळी ऑफिसच्या वेळेत महाग, साडेनऊनंतर बरी. हीथ्रोहून थेट कोच पण आहे, मोठ्या बॅगा असतील तर तोच घ्या. घड्याळ पण लक्षात ठेवा, पोर्तुगाल आणि ब्रिटन एका वेळेवर, स्पेन-फ्रान्स एक तास पुढे, आणि मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळीकडे घड्याळं बदलतात, त्या रविवारी प्रवास असेल तर वेळ परत तपासा. सिमकार्ड युरोपियन युनियनचं घेतलं तर पोर्तुगालहून स्पेन, फ्रान्सला चालतं, स्वित्झर्लंड आणि ब्रिटनला चालेलच असं नाही, घेतानाच विचारा.

नव्या शहरात उतरल्यावर लगेच स्टेशनच्या बाहेर पडू नका. बाथरूमला जाऊन या, पाणी घ्या, तिथलं मेट्रो-बसचं कार्ड स्टेशनवरच्या मशिनवर काढा, लिस्बनला नावेगांते, पोर्तोला अंदांते, प्रत्येकाचं वेगळं लागतं, एक कार्ड दोघांना चालत नाही. हॉटेलचा पत्ता लिहिलेला कागद टॅक्सीवाल्याला दाखवायला हाताशी ठेवा, मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असते. घरच्यांना 'पोचलो' म्हणून मेसेज टाका, तिकडे रात्र असली तरी माणसं जागी असतात. आणि चेकइनला पाच-पन्नास युरो सुटे हाती ठेवा, कारण शहराचा पर्यटक कर बुकिंगच्या पैशात बऱ्याचदा धरलेला नसतो, २०२४ मध्ये वाढवल्यापासून लिस्बनला माणशी एका रात्रीचे ४ युरो आणि पोर्तोला ३, जास्तीत जास्त सात रात्रींचा, लहान मुलांना नाही.